नाथाभाऊच्या नावावर

पालशेत, ता. गुहागर
३ फेब्रुवारी २०२५

चि. पुंडलिक,

आशीर्वाद. रागावलेय, तरी देते. तू धाकटा आहेस आणि आशीर्वाद फुकट असतो.

पंधरा दिवस झाले, तुझा फोन लागत नाही. एक बाई सांगते की बंद आहे. आधी मराठीत, मग हिंदीत, मग इंग्रजीत. तिचा आवाज मला आता विहिणीपेक्षा ओळखीचा झालाय. शेवटी सुयोगला लावला तर म्हणाला, "आत्या, मीटिंगमध्ये आहे." रविवारी दुपारी कसली मीटिंग? मग समिधाला लावला. ती म्हणाली, बाबांचा फोन बिघडलाय, माझ्यावरून बोला. तू आलास आणि "बरा आहे, बरा आहे" एवढंच बोललास, मागे कोणी काठी घेऊन उभं असल्यासारखा.

म्हणून पोस्टात गेले. पोस्टमास्तरांना वाटलं, खात्यात पैसे भरायला आले. पत्र टाकायचंय म्हटल्यावर त्यांनी खुर्ची पुढे केली, म्हणजे बघ.

आता खरं लिही. सुनेने फोन काढून घेतला का? जेवायला वेळेवर देते ना? मी लग्नातच तुला म्हटलं होतं, आमटीत साखर घालणारी मुलगी आहे, सांभाळून राहा. पोरगा तिच्या बाजूचा, तू एकटा. काही असेल तर सरळ बॅग भर आणि इकडे ये. घर मोठं आहे आणि मला भांडायला कोणी नाही.

तुझी
आक्का


जेसल पार्क, भाईंदर पूर्व
११ फेब्रुवारी २०२५

ती. आक्का,

नमस्कार. पत्र मिळालं. आमच्या वॉचमनला पत्र हा प्रकार माहीत नव्हता. कुरिअर समजून त्याने माझी सही घेतली.

समिधाबद्दल भलतंसलतं मनात आणू नकोस. ती जेवायला देते, गोळ्या देते, आमटीतल्या साखरेची मला सवय झाली. फोनची बॅटरी फुगली म्हणून तो बंद आहे. रिटायर माणसाला कुणाचे फोन येणार? मला उलट निवांत वाटतंय.

इकडची एक गंमत सांगतो. खाडीकाठच्या कट्ट्यावर आम्ही सात-आठ म्हातारे सकाळी बसतो. त्यात एक नाथाभाऊ आहे, पलीकडच्या मुर्धा गावचा. पूर्वी त्यांची मिठागरं होती. त्याची लेक चांदणी आमच्याच इमारतीत राहते. रोज सकाळी तिच्याकडे ताजी मासळी पोचवायची आणि मग आमच्यात येऊन बसायचं, हा त्याचा शिरस्ता.

तर ह्या नाथाभाऊला मध्यंतरी मेसेज आला की गॅसचं कनेक्शन तपासायचंय, नाहीतर बंद होईल. दुसऱ्या दिवशी व्हिडिओवाला फोन आला. तो दाढी करत होता, अर्ध्या तोंडाला साबण. त्याला वाटलं गॅसवाले. उचलला तर समोर एक तरुण बाई आणि तिच्या अंगावर काही नाही. काही म्हणजे काहीच नाही. त्याने लगेच फोन ठेवला. पण तेवढ्यात त्यांनी ते रेकॉर्ड केलं होतं. मोठ्या चौकोनात ती, कोपऱ्यातल्या छोट्या चौकोनात ह्याचं तोंड. मग एका माणसाचा फोन आला, मी दिल्लीहून पोलीस बोलतोय, मुलीने तक्रार केलीय, पैसे पाठव नाहीतर हे तुझ्या सगळ्या नातेवाइकांना जाईल. ह्याने पाठवले. परत मागितले, परत पाठवले. शेवटी घाबरून त्याने फोन बंद केला आणि तांदळाच्या डब्यात खुपसला.

आता सांग, त्याने काय करावं? पोलिसांत गेला तर पहिला प्रश्न येणार, तू बघत का होतास. म्हणून गप्प बसलाय बिचारा. तुला काय वाटतं? सहज विचारतोय.

तुझा
पुंडलिक


पालशेत
१८ फेब्रुवारी २०२५

पुंडल्या,

तुझं पत्र वाचून मी एवढी हसले की शेजारची सुलू पिठाने माखलेले हात घेऊन धावत आली. तिला वाटलं, म्हातारीला काही झालं. मग तिलाही वाचून दाखवलं. संध्याकाळी भजनाला बायका जमल्या, त्यांना सुलूने सांगितलं. त्या दिवशी भजन झालंच नाही.

तुझ्या नाथाभाऊला विचार, गॅसवाली बाई कपडे काढून गॅस तपासते होय? आणि लगेच फोन ठेवला म्हणे. लगेच ठेवला असता तर त्याचं तोंड त्यात आलं असतं का? तोंडावरचा साबण वाळेपर्यंत बघत बसला असणार मेला. नातवंडं झालेला माणूस, मासळी पोचवायच्या वयात ही मासळी बघतोय. पोलीस कशाला, मीच वहाण काढली असती. तुझी बायको चंपा आज असती तर हसून हसून तिचा दमा उठला असता.

असल्या माणसाच्या शेजारी बसू नकोस. परवा समिधाचा फोन आला होता, तिलाही सांगून ठेवलं की सासऱ्यांना त्या नाथाभाऊपासून लांब ठेव. तू भोळा आहेस, तुला कोणीही काहीही शिकवेल.

असल्या गमती अजून असतील तर कळव. इकडे करमणुकीला दुसरं काही नाही.

आक्का


जेसल पार्क
२ मार्च २०२५

ती. आक्का,

तू समिधाला सांगायला नको होतंस.

तिने फक्त सुयोगला सांगितलं. सुयोग सोसायटीच्या निवडणुकीला उभा आहे, त्यामुळे हल्ली तो पार्किंगमध्ये थांबून येणाऱ्याजाणाऱ्याशी गोड बोलतो. त्याने गंमत म्हणून दोघाचौघांना सांगितलं. ते चांदणीच्या नवऱ्याच्या कानावर गेलं. त्याने नाथाभाऊला फोन केला, बाबा, काही दिवस घरी येऊ नका, मुलगी मोठी होतेय, बरं दिसत नाही.

तेव्हापासून नाथाभाऊ कट्ट्यावर नाही. काल त्याची बायको सुगंधा चांदणीकडे आली होती, मला जिन्यात भेटली. म्हणाली, "भाऊजी, काय झालाय त्येना? जेवत न्हाय, बोलत न्हाय. खाडीवर जाऊन बसतान. हाक मारली तरी वळून बगत न्हाय." पदराने डोळे पुसत होती. मी म्हटलं, मला काही माहीत नाही.

आक्का, नाथाभाऊ चांगला माणूस आहे. तू त्याला मेला म्हणायला नको होतंस.

पत्र फाडून टाक.

पुंडलिक


पालशेत
८ मार्च २०२५

पुंडलिक,

पत्र फाडलं नाही. तुझी दोन्ही पत्रं शेजारी ठेवून परत वाचली.

तांदळाच्या डब्यात. चौथीत नापास झालास तेव्हा तुझं प्रगतिपुस्तक आईला कुठे सापडलं? बाबांचं घड्याळ फोडलंस ते कुठे मिळालं? मुर्ध्याचा नाथाभाऊ आपल्या घरची खोड कुठून शिकला? पहिल्याच वेळी कळायला हवं होतं. पण मला हसायची घाई झाली होती.

मला माहीत असतं तर हसले नसते, असं लिहिणार होते. तेही खोटं. हसले असतेच. पण तुझ्यासमोर बसून हसले असते, आणि हसून झाल्यावर तुला हाताला धरून चौकीवर नेलं असतं. तू मला विचारलंस, काय वाटतं, आणि मी वहाण दाखवली. सख्खी बहीण अशी, तर हवालदार कसा असेल, असं तुला वाटलं असेल. वाटणारच.

तुला शिकवायला मी तरी कोण? तुझ्या भावोजींचा चुलतभाऊ लवू दरवर्षी माझ्या काजूच्या बिया उतरवून नेतो. साऱ्या वाडीला माहीत आहे. मी कधी तक्रार केली? शिमग्याला पालखी त्याच्याही अंगणात येते, माझ्याही. चार माणसांत तोंड कसं दाखवायचं, म्हणून गप्प. म्हणजे चोरी त्याने करायची आणि तोंड मी लपवायचं. हे इतक्या वर्षांत मला कधी सुचलं नव्हतं, आज लिहिता लिहिता सुचलं.

बघितलंस तर बघितलंस. पेन्शन लागली म्हणून डोळे मिटत नाहीत. त्यांनी तुला फसवलं, लुबाडलं, त्यात तुझा गुन्हा काही नाही. पण नाथाभाऊच्या नावावर खपवलंस, हा मात्र तुझा. त्याची बायको तुझ्यासमोर रडली आणि तू माहीत नाही म्हणालास. ते दिल्लीवाले तुझ्या अब्रूशी खेळले, तसाच तू त्याच्या अब्रूशी खेळलास. फक्त पैसे घेतले नाहीस.

खाडीवर जाऊन बसणारा माणूस रोज परत येईलच, असं धरून चालू नकोस. पत्र वाचून झालं की मुर्ध्याला जा. समिधाला मी फोन करणार नाही. मागच्या फोनाने काय झालं ते बघितलं. तुझं तू सांग.

दाढी करून जा. दोन्ही गालांची.

आक्का


जेसल पार्क
२१ मार्च २०२५

ती. आक्का,

तुझं पत्र जिन्यातच वाचलं आणि तसाच खाली उतरलो. रिक्षाने रेल्वे फाटकापर्यंत, पलीकडून बस. मुर्ध्याला उतरलो तेव्हा वाटत होतं, नाथाभाऊ घरी नसला तर बरं, आणि लगेच वाटलं, नसला तर काय.

होता. ओटीवर बसला होता, भिंतीकडे तोंड करून. सुगंधावहिनी आत कोळंबी सोलत होत्या. मी उभ्याउभ्याच सुरुवात केली. म्हटलं, नाथा, तुझ्याबद्दल जे फिरतंय ते मी पसरवलं. म्हणजे ती बाई, तो फोन, तोंडाला साबण, सगळं मी बहिणीला लिहिलं, तुझं नाव घालून.

तो वळला. मग अगदी हळू म्हणाला, "तुला कोनी सांगितला?"

मला कळेना. म्हटलं, काय कोणी सांगितलं?

"त्या बाईचा. फोनचा. मी कोनाला बी बोललो न्हाय. सुगंधीला बी न्हाय." मग म्हणाला, "पन साबनाचा खोटा हाय. मी भाकर खात होतो."

आक्का, मी खाली बसलो. शब्दशः, ओटीच्या पायरीवर. मी खोटं म्हणून त्याच्या नावावर घातलेली गोष्ट त्याच्या बाबतीत दिवाळीतच घडून गेली होती. चार महिने तो त्यांना पैसे भरत होता, आणि वर माझ्यामुळे लेकीचं दार बंद झालं. त्याला वाटलं, त्या लोकांनी व्हिडिओ पाठवला, म्हणून जावयाला कळलं. म्हणून तो खाडीवर जाऊन बसत होता. कशासाठी बसत होतास, हे मी विचारलं नाही. त्याने सांगितलं नाही.

मी म्हटलं, "नाथा, ते माझं होतं. मी दाढी करत होतो." तो म्हणाला, "तुझा बी?" हसावं की रडावं, ह्यावर दोघांचं एकमत होईना.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. नाथाभाऊचा चेहरा असा उतरला की मला कळलं, कोण आहे. आणि आतल्या दारात सुगंधावहिनी उभ्या होत्या. कधीपासून, देव जाणे. त्यांनी कोळंबीचे हात लुगड्याला पुसले, फोन उचलला आणि स्पीकरवर टाकला.

तो म्हणाला, "कौन बोल रहा है?"

"उसकी बायको बोलती."

"मॅडम, आपके पति का गंदा वीडियो है हमारे पास. सबको भेज देंगे. घर में, रिश्तेदार में."

"भेज ना," वहिनी म्हणाल्या. "पहले मेरेको भेज. चाळीस साल से देखती मैं उसको, मेरेको तो कोई पैसा नहीं दिया. तेरेको कायको पाहिजे?"

मग तो जोरात म्हणाला, पोलीस येतील, जेल होईल. वहिनी म्हणाल्या, "आने दे. चाय पिलाती. तू भी आ, तेरे को कोलंबी खिलाती, कोलंबी के साथ क्या क्या खिलाती वो तू आके देख." त्याने फोन ठेवला.

वहिनींनी फोन नवऱ्याच्या मांडीवर टाकला आणि आत गेल्या. त्यानंतर दोन दिवस त्या त्याच्याशी बोलल्या नाहीत. पण ताट वाढत होत्या आणि तो जेवत होता.

त्याच संध्याकाळी आम्ही दोघं चांदणीकडे गेलो. मी जावयासमोर सांगितलं, ते सगळं माझं होतं, ह्याचं नाव मी खोटं घातलं, ह्याचा काही संबंध नाही. जावई टीव्हीकडे बघत होता. मी नाथाला मोकळं केलं होतं. त्याने नुसती मान हलवली असती तरी काम झालं असतं. पण तो म्हणाला, "ह्याचा खरा हाय. माझा बी खरा हाय. मी उद्या पोलिसांत चाललोय. मंग तुमी ठरवा, घरात घ्याचा का न्हाय." जावयाने टीव्ही बंद केला. चांदणी उठली आणि बापाला पाणी आणून दिलं.

घरी मला सांगायचं होतं ते वेगळंच. जेवताना सांगितलं. सुयोगचा घास हातातच राहिला. म्हणाला, "बाबा, पोलीस वगैरे नको. पुढच्या रविवारी मतदान आहे. लोक काय म्हणतील?" समिधा त्याला म्हणाली, "तुम्ही मतं मागा. मी उद्या सुट्टी टाकते, बाबांना घेऊन जाते." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "फोन तांदळात आहे ना? महिन्यापूर्वीच सापडला मला. परत खुपसून ठेवला. वाटलं, तुम्ही स्वतः सांगाल." आणि म्हणाली, मीही चुकले, आत्यांनी सांगितलेलं ह्यांच्याजवळ बोलायला नको होतं. तिने आमटी वाढली.

पोलीस ठाण्यात आम्ही तिघं. सायबरच्या टेबलावर पोरसवदा बाई होती, नेहाच्या वयाची (नेहा म्हणजे समिधाची धाकटी बहीण). मी घाम पुसत सांगितलं. तिने विचारलं, "कॉल किती वेळ चालला?" म्हटलं, दोन-तीन सेकंद, लगेच ठेवला. तिने माझा फोन चालू करून बघितला आणि म्हणाली, "काका, इथे पाऊण मिनिट दिसतंय." नाथाभाऊ मोठ्याने हसला. मागच्या टेबलावरचा एक हवालदारही हसायला लागला, पण तिने वळून नुसतं बघितलं तसा तो कागद लावायला लागला. मग ती म्हणाली, "माझ्याशी खोटं बोलायची गरज नाही. बघणं हा गुन्हा नाही. धमकावून पैसे उकळणं हा आहे. तुमच्यासारखी माणसं येत नाहीत, म्हणून त्यांचं चाललंय."

तुला सांगतो, दोन महिन्यांत माझी छाती पहिल्यांदा हलकी झाली.

पैसे परत मिळतील का म्हणून विचारलं. तिने स्पष्ट सांगितलं, लगेच आला असतात तर काही अडवता आले असते, आता खात्री देत नाही. खोटी आशा लावली नाही, हे मला आवडलं. तक्रार दोघांची वेगवेगळी लिहिली. नाथाभाऊला नाव विचारलं तर त्याने बापाचं, आज्याचं आणि गावाचं सांगितलं, सातबारा वाचावा तसं.

सुयोग अजून माझ्याशी नीट बोलत नाही. कट्ट्यावर आम्ही जाऊन बसलो तर दोघंजण उठून गेले. बाकीचे बसले. नाथाभाऊ मासळी घेऊन चांदणीकडे जातो, जावई कामावर गेल्यावर. होईल हळूहळू, किंवा नाही होणार.

एक सांगून ठेवतो. माझा फोन चालू झाल्यावर त्या माणसाचे मेसेज आले, नातेवाइकांना पाठवणार म्हणून. आम्ही उत्तर दिलं नाही. तुझा नंबर माझ्या यादीत पहिला आहे. काही आलं तर उघडू नकोस.

तुझा
पुंडलिक


पालशेत
२९ मार्च २०२५

चि. पुंडलिक,

परवा दुपारी आलं. उघडू नकोस म्हणून तू लिहिलं होतंस, त्यामुळे उघडलं.

सुलू शेजारी होती. तिला म्हटलं, जा, तुझं दूध उतू गेलंय. गेल्यावर दार लावून बघितलं. चष्मा लावून, नीट. एकदा बघून कळेना म्हणून परत बघितलं.

त्या पोरीकडे माझं लक्षच गेलं नाही. ती काय करत होती, विचारशील तर सांगता येणार नाही. कोपऱ्यातल्या त्या एवढ्याशा चौकोनात तू होतास. बनियन खांद्यावरून उतरलंय, गळ्याची हाडं वर आलीत, हातातला वस्तरा तसाच धरलेला. आधी काही समजत नाही, आणि मग समजल्यावर तू जो घाबरलास, तो चेहरा मी तुझा आठव्या वर्षी विहिरीत पडलास तेव्हा शेवटचा बघितला होता. तेव्हा मी दोर टाकला होता. ह्या वेळी तू माझ्याकडे हात केलास, तर मी बायका गोळा करून हसले.

एवढा म्हातारा कधी झालास रे? मला कोणी सांगितलं नाही.

मग समिधाला फोन केला. ती म्हणाली, आत्या, पुसू नका, नंबर मला पाठवा, तक्रारीला जोडायचाय. कसा पाठवायचा ते तिने फोनवरून शिकवलं, तीनदा, न चिडता. मी तिला म्हटलं, माझं नावही लिहून घ्यायला सांग. मलाही त्रास झालाय, माझीही तक्रार आहे. ती म्हणाली, विचारते.

भजनाच्या बायकांना मी खरं सांगितलं, नाथाभाऊ नाही, माझा भाऊ. हसल्या नाहीत. एक मात्र घरी जाताना मागे राहिली आणि तिच्या मुलाबद्दल मला बरंच काही सांगून गेली. ते पत्रात लिहिण्यासारखं नाही, आणि आता मी शिकलेय, सांगण्यासारखंही नाही. तिला घेऊन सोमवारी गुहागरच्या चौकीवर जाणार आहे.

ओले काजूगर आलेत. लवूने थोडे ठेवलेत. आठ दिवस ये, अंगावर मांस चढवून पाठवते. नाथाभाऊला आणि त्याच्या बायकोला घेऊन ये. त्या बाईच्या पायावर डोकं ठेवायचंय मला. समिधालाही आण. आमटीत साखर घातली तरी चालेल. तिची माफी मागायची आहे, पण ती मी तोंडी मागेन. लेखी दिली तर पुरावा राहतो.

आक्का